केस प्रत्यारोपण करायचंय, पण नागपुरात भरवशाचं क्लिनिक कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाचे केस चोविसाव्या वर्षापासून विरळ व्हायला लागले. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ, सदर असं करत आम्ही सात ठिकाणी जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी मी त्याच्यासोबत होते. एका ठिकाणी टोकन भरून फसलो आणि कसंबसं सुटलो. शेवटी सर्जरी झाली, नीट झाली. तेव्हापासून नात्यातली, ऑफिसातली, मानेवाड्यातली पोरं मला फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या. त्यांच्यासमोर काय विचारायचं आणि काय तपासायचं, तेवढं मी सांगू शकते.

केस गळतायत म्हणजे ट्रान्सप्लांटच करावं लागेल का?

नाही. आधी केस कशाने गळतायत ते कळलं पाहिजे, आणि बहुतेक पोरं नेमकी हीच पायरी गाळतात.

टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात. घाबरायला होतं, पण कारण संपलं की ते बहुधा सहा-नऊ महिन्यांत परत येतात. थायरॉइड बिघडलं किंवा लोह कमी पडलं तरी केस जातात, ते त्या त्या उपचाराने सुधारतात. रुपयाएवढा गोल चट्टा अचानक रिकामा झाला तर ती चाई असू शकते. त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठलेली असते, तिथे नवे केस लावले तरी तेही जाऊ शकतात. टाळूवर खाज, लाली आणि गुळगुळीत डाग असतील तर मुळं कायमची जाळणारे काही आजार असतात. ते चालू असताना सर्जरी करणं म्हणजे जळत्या शेतात पेरणी करणं.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगावजवळच्या काही गावांत लोकांचे केस चार-पाच दिवसांत हातात यायला लागले, ते आठवत असेल. तपासात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळल्याचं पुढे आलं आणि बऱ्याच जणांचे केस नंतर परत यायला लागले. इतक्या झपाट्याने केस जात असतील तर ते साध्या टकलाचं लक्षण नाही.

ट्रान्सप्लांट प्रामुख्याने वंशपरंपरेने येणाऱ्या टकलासाठी असतो. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, डोक्यावरचा भोवरा उघडा पडतो आणि कानामागचे, मानेवरचे केस मात्र टिकून राहतात. किती पडलंय ते सांगायला डॉक्टर नॉरवुड मोजपट्टी वापरतात, तिच्यात पहिल्या ते सातव्यापर्यंत पायऱ्या असतात. तुमची पायरी कोणती, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच पाहिजे.

सर्जरीत नेमकं काय करतात?

डोक्याच्या मागचे केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी नावाच्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत. तिथून मूळ काढून पुढे लावलं तरी ते मूळ आपला स्वभाव सोडत नाही. नॉर्मन ओरेंट्राइक या अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि सगळी शस्त्रक्रिया आजही त्यावरच उभी आहे.

केस सुटे उगवत नाहीत, एक ते चार केसांच्या झुपक्यात उगवतात. त्या झुपक्याला ग्राफ्ट म्हणतात. एफयूई पद्धतीत साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक गोल सुईने एकेक झुपका काढतात. एफयूटीमध्ये मागच्या त्वचेची एक पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे ग्राफ्ट वेगळे करतात. एफयूईने बारीक ठिपके राहतात, एफयूटीने एक आडवी रेघ राहते. आजकाल जास्त करून एफयूईच होते. ‘सफायर’, ‘डीएचआय’, ‘बायो’ वगैरे नावांनी दर वाढतो, पण ती बहुतेक पाती, पेन किंवा द्रावण यांची नावं असतात. हात कोणाचा आहे, हे त्या नावांतून कळत नाही.

एक गोष्ट मात्र मनात पक्की करा. मागचे केस ही आयुष्यभराची ठेव आहे. त्यातून काढलेलं परत भरता येत नाही. बहुतेकांच्या मागच्या भागातून सगळ्या जन्मात मिळून सुमारे चार ते सहा हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे निघतात. त्याहून जास्त ओढले तर मागचा भाग उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो.

माझं वय बावीस-तेवीस आहे. आत्ताच करून टाकू का?

माझ्या भावाला पंचविसाव्या वर्षी पहिल्या क्लिनिकमध्ये वीस मिनिटांत ‘साडेचार हजार ग्राफ्ट’ सांगितले होते. सांगणारी मुलगी पांढरा कोट घातलेली काउन्सेलर होती. डोक्यावर भिंग धरलं नाही, घरात कोणाकोणाला टक्कल आहे ते विचारलं नाही. आमचे बाबा आणि मोठे मामा दोघेही पुरते टकले आहेत, म्हणजे भावाचं टक्कलही पुढे वाढत जाणार हे उघड होतं. त्या दिवशी होकार दिला असता तर पंचविशीतच जवळजवळ सगळी ठेव संपली असती. चाळिशीत मधले केस गेले असते, पुढे लावलेली रेघ तेवढी उरली असती आणि मागे काढायला काहीच शिल्लक नसतं.

पुढे ज्यांनी सर्जरी केली त्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, “एक वर्ष औषध घे, गळती थांबते का बघू, मग ये.” चौदा महिने थांबलो. शेवटी २,१५० ग्राफ्टमध्ये काम झालं. घाई करू नकोस म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

औषधं खरंच लागतात का? फिनास्टराइडची भीती वाटते.

ट्रान्सप्लांट गेलेल्या जागी केस आणतो, उरलेले जुने केस तो वाचवत नाही. ते काम औषधाचं. टकलासाठी टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिलला अमेरिकेत १९८८ मध्ये आणि फिनास्टराइडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही जुनी, पुष्कळ तपासलेली औषधं आहेत.

फिनास्टराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात. मूळ चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के जणांना त्या जाणवल्या होत्या. मन उदास झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि औषध बंद केल्यावरही त्रास टिकल्याचं सांगणारे लोक आहेत. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि त्रास जाणवला तर लगेच सांगून. चाळिशीच्या पुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू आहे हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगायचं, कारण तो आकडा जवळपास निम्मा दिसतो. घरात गरोदर बाई असेल तर तुटलेली गोळी तिने हाताळू नये. मिनॉक्सिडिलने सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. माझ्या भावाने तेव्हा बाटली फेकायचीच बाकी ठेवली होती.

ही सर्जरी करायचा अधिकार कोणाला आहे?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केस प्रत्यारोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांच्या शिक्षणातच हा विषय येतो. दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला करायचं तर त्याने रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. दंतवैद्यांमध्ये डेंटल कौन्सिलने २०२२ च्या अखेरीस मुख व जबडा शल्यचिकित्सेत एमडीएस केलेल्यांना परवानगी दिली. त्यावर त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनांचा आक्षेप आहे. नुसतं बीडीएस असलेल्याच्या हाती डोकं देऊ नका. ‘ट्रायकॉलॉजिस्ट’, ‘हेअर एक्स्पर्ट’ या पाट्या म्हणजे वैद्यकीय पदव्या नाहीत.

आता खरी मेख. पाटीवर एमडी डॉक्टरचं नाव असतं, ते येतात, रेघ आखतात, फोटो काढतात आणि पुढचे सात तास सगळं तंत्रज्ञ करतात. तंत्रज्ञाची मदत लागतेच. दोन हजार मुळं एकटा माणूस लावू शकत नाही. पण भूल देणं, मुळं काढणं आणि नवी छिद्रं पाडणं ही शस्त्रक्रियाच आहे, ती डॉक्टरच्या हाताने व्हायला हवी. केस प्रत्यारोपण सर्जनांची आंतरराष्ट्रीय संघटना हेच सांगत आली आहे. नव्या केसाची दिशा आणि कोन छिद्र पाडतानाच ठरतो. तिथे चूक झाली तर केस ब्रशसारखे सरळ उभे राहतात.

म्हणून असं विचारा: “मुळं कोण काढणार? छिद्रं कोण पाडणार? तुम्ही पूर्ण वेळ ओटीत असाल का? त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती पेशंट आहेत?” आणि उत्तर कागदावर लिहून मागा. आमचं टोकन ज्या क्लिनिकमध्ये अडकलं होतं तिथे चार वेळा विचारूनही सर्जनचं नाव सांगितलं नाही. “आमची टीम करते सर,” एवढंच उत्तर. दहा हजार रुपये सुटायला लेखी अर्ज आणि पाच आठवड्यांच्या चकरा लागल्या.

डॉक्टर खरा आहे की नाही, ते घरबसल्या कसं तपासायचं?

ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे (एमएमसी) असते. त्यांच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येतं. बाहेरच्या राज्यातून आलेले असतील तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत बघा. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणं डॉक्टरला बंधनकारकच आहे, त्यामुळे तो विचारताना लाजायचं कारण नाही. नुसतं नाव सापडलं म्हणून थांबू नका, पदव्युत्तर पदवीही तिथे नोंदलेली आहे का ते पाहा. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. ज्यांचं नाव एमएमसीत सापडत नाही त्यांना “तुमची नोंदणी कुठे आहे?” असं सरळ विचारा.

जागेबद्दलही विचारा. नर्सिंग होम म्हणून महापालिकेकडे नोंद आहे का, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार आहे का. रक्त लागलेल्या सुया आणि पाती रोज निघणाऱ्या ठिकाणी त्या कुठे जातात हे सांगता आलं नाही, तर निर्जंतुकीकरणाचं काय होत असेल याचा अंदाज येतो.

पहिल्या भेटीत काय बघायचं?

डॉक्टर स्वतः भेटतो का, आणि किती वेळ देतो. भिंगाने किंवा ट्रायकोस्कोपने पुढची आणि मागची, दोन्ही टाळू बघतो का. मागच्या भागात एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती झुपके आहेत ते मोजतो का. घरातल्या पुरुषांचं टक्कल, तुमची औषधं, बीपी, साखर, कसली ॲलर्जी, जुनी जखम फुगून वाढली होती का, हे सगळं विचारतो का. सर्जरीआधी रक्ताच्या तपासण्या सांगतो का. हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, आणि वयानुसार ईसीजी, एवढं साधारण लागतं.

आणि नाही म्हणतो का. सात ठिकाणांपैकी दोघांनीच भावाला “आत्ता नको” म्हटलं. त्याच दोघांच्या टेबलावर भिंग होतं.

त्याच दिवशी टोकन भरलं तर सूट, आज रात्री बारापर्यंतच ही ऑफर, असं काही कानावर पडलं की उठा. बाहेर या, बर्डीवर जाऊन चहा प्या, घरी जा. केस आठवडाभरात कुठे जात नाहीत.

जीवाला धोका असतो का?

कमी असतो, पण असतो. माहीत असलेलाच बरा.

मुंबईत २०१९ मध्ये त्रेचाळीस वर्षांचे एक व्यापारी ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत गेले. एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. कानपुरात दोन अभियंत्यांचे मृत्यू झाले. त्यात सर्जरी करणारी व्यक्ती दंतवैद्य असल्याचं २०२५ मध्ये पुढे आलं. ही माणसं आजारी नव्हती. सकाळी स्वतःच्या पायांनी चालत गेली होती.

या सर्जरीत पूर्ण भूल नसते, टाळूत सुया देऊन जागा बधिर करतात. औषध असतं लिग्नोकेन, ॲड्रेनॅलिन मिसळलेलं. त्याची सर्वसाधारण मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सात मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे सुमारे २१ मिलिलिटर. दिवसभरात भूल उतरत जाते आणि पुन्हा पुन्हा सुया द्याव्या लागतात. कोणी हिशेब ठेवत नसेल तर मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. ओठ बधिर होणं, तोंडात धातूची चव येणं, कानात गुंजणं ही जास्त झाल्याची पहिली खूण. असं वाटलं तर संकोच न करता लगेच सांगा. पुढची पायरी म्हणजे झटके आणि हृदयाचा त्रास.

म्हणून ओटी दाखवायला सांगा. ऑक्सिजन, नाडी आणि बीपी सतत दाखवणारा मॉनिटर, इमर्जन्सीची औषधं ठेवलेली ट्रॉली आणि ती वापरता येणारा माणूस हजर हवा. कोणत्या मोठ्या हॉस्पिटलशी जोडलेले आहात आणि तिथे पोहोचायला किती मिनिटं लागतात, हेही विचारा. धंतोली-रामदासपेठेत दर शंभर पावलांवर दवाखाना आहे हे आपलं नशीब, पण तुमच्या क्लिनिकचं नेमकं कोणाशी ठरलंय हे माहीत असलं पाहिजे. सलूनच्या वरच्या मजल्यावरच्या ‘स्टुडिओ’त ही सर्जरी करू नका, स्वस्त असली तरी.

बीपीची, रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं चालू असतील तर ती मनाने बंद करू नका आणि लपवूही नका.

खर्च किती येतो? एवढा फरक का?

आकडा मी देत नाही, कारण डॉक्टर, ग्राफ्टची संख्या आणि शहर यावर तो फार बदलतो. पण हिशेब कसा करतात ते समजून घ्या.

पहिलं, दर ग्राफ्टचा आहे की केसाचा? एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस धरले तर ‘चार हजार केस’ म्हणजे दोन हजारच ग्राफ्ट. जाहिरातीत मोठा आकडा लिहायला हे सोयीचं पडतं. दुसरं, सर्जरीनंतर मोजणीचा कागद मागा. एककेसी किती, दोनकेसी किती, तीनकेसी किती. चांगल्या ठिकाणी तो न मागता मिळतो.

तुमची मोकळी जागा किती, त्यावरून गरज कळते. पुढची ६० चौरस सेंटिमीटर जागा आणि दर चौरस सेंटिमीटरला ३५ ग्राफ्ट धरले तर २,१०० होतात. निसर्गतः त्या जागी ८० च्या आसपास झुपके असतात. ट्रान्सप्लांटने साधारण निम्मी दाटी येते आणि डोळ्याला ती पुरते. ‘आधीसारखे दाट’ असं वचन देणारा खोटं बोलतोय.

तिसरं, जीएसटी. वैद्यकीय सेवांना जीएसटी माफ असला तरी केस प्रत्यारोपण त्या माफीतून वगळलं आहे. अपघात, जखम किंवा जन्मजात दोषामुळे करावं लागलं तरच सूट मिळते. म्हणजे ८०,००० च्या पॅकेजवर १८ टक्क्यांनी १४,४०० चढतात. आधी विचारलं नाही तर शेवटच्या दिवशी घाम फुटतो. “बिल नको असेल तर जीएसटी नाही,” असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, उद्या तक्रार करायला तुमच्या हातात कागदच नसेल. आरोग्य विम्यातून हे पैसे सहसा मिळत नाहीत. बिनव्याजी हप्त्यांत प्रोसेसिंग फी किती आणि सर्जरी रद्द केली तर कर्ज कोणाच्या डोक्यावर राहतं, तेही वाचा.

आधीचे-नंतरचे फोटो आणि गूगलवरचे तारे यांच्यावर किती विश्वास ठेवायचा?

थोडाच. आधीचा फोटो कडक दिव्याखाली, ओल्या केसांनी, मान खाली घालून आणि नंतरचा मंद उजेडात, जेल लावून, असं सर्रास चालतं. दोन्ही फोटोंत उजेड आणि कोन सारखा आहे का बघा, भांग पाडून कंगव्याने उचललेले केस बघा आणि मागच्या भागाचा फोटो मागा. तो कोणी आपण होऊन दाखवत नाही. सर्जरीला वर्ष झालेल्या दोन पेशंटशी फोनवर बोलायला मिळेल का, असं विचारा. आम्ही विचारलं, डॉक्टरांनी त्या पेशंटची परवानगी घेऊन नंबर दिले. त्यातला एक हिंगण्याचा होता, त्याने भावाला रविवारी घरी बोलावून डोकं दाखवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मोठ्या नावाची शाखा बरी की एका डॉक्टरचं क्लिनिक?

दोन्हीकडे चांगलं-वाईट आहे. साखळी क्लिनिकमध्ये डॉक्टर बदलत राहतात. सहा महिन्यांनी तपासायला गेलात तर वेगळाच माणूस समोर असतो. तुमची सर्जरी कोणाकडे, हे नाव ठरलं तर मोठी शाखाही चालेल.

मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी दवाखान्यांत जाऊन उपयोग होतो का?

निदानासाठी नक्की होतो. मेडिकलच्या त्वचारोग ओपीडीत आम्ही सकाळी लवकर गेलो, रांग होती, पण ज्या डॉक्टरने पाहिलं तिला आमच्याकडून काहीच विकायचं नव्हतं. तिने हे वंशपरंपरेचंच टक्कल आहे हे पक्कं सांगितलं आणि तपासण्या लिहून दिल्या. खासगीत जाण्याआधी हा एक कागद हाती असणं फार मोलाचं आहे. मेयोत आणि मिहानच्या एम्समध्येही त्वचारोग विभाग आहे. ट्रान्सप्लांटची सोय आहे का, ते त्याच ओपीडीत विचारा.

मुंबई-पुण्याला किंवा तुर्कीला जावं का?

डॉक्टर चांगला असेल तर मुंबई चालेल, पण सर्जरीनंतर डोकं पहिल्यांदा धुऊन घेणं आणि काही बिघडलं तर पुन्हा जाणं यांचा हिशेब करा. इस्तंबूलला स्वस्त पॅकेजमध्ये बरेच लोक जातात. तिथे महिन्याने पू झाला तर नागपुरातून तुम्ही कोणाला फोन करणार?

नागपूरच्या उन्हाळ्यात केलं तर चालेल का?

मी तर नाही म्हणेन. वैद्यकीय मनाई नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नवतपात डोक्यावर ओढणी बांधल्याशिवाय चौकापर्यंत जाता येत नाही. नव्या मुळांवर पहिले दहा-पंधरा दिवस कपडाही घासायला नको, आणि नंतर महिना-दोन महिने थेट ऊन नको. घाम, खाज, कूलरची धूळ, सगळंच नकोसं होतं. भावाची सर्जरी आम्ही डिसेंबरमध्ये केली. धुळवडीच्या तोंडावरही करू नका.

हेल्मेटचा प्रश्न खरा आहे. भाऊ मानेवाड्यातून मिहानला गाडीने जातो. साधारण दोन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तोपर्यंत, हेल्मेट घालता येत नाही. म्हणजे त्या काळात गाडीच चालवायची नाही. तो मेट्रोने गेला.

सर्जरीच्या दिवशी आणि नंतर काय होतं?

सकाळी पोटभर खाऊन जा, तर्री नको, साधे पोहे. पुढून बटणं असलेला शर्ट घाला. सहा-आठ तास लागतात, सोबत कोणीतरी हवं.

तीन-चार रात्री उशी उंच ठेवून झोपायचं. दुसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ आणि डोळे सुजतात. भावाला बघून आई रडली होती, दोन दिवसांत उतरलं. खपल्या सात ते दहा दिवसांत धुण्याने सुटतात, नखाने काढायच्या नाहीत. सिगारेट आणि खर्रा बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांना रक्त कमी पडतं.

मग येतो सगळ्यात वाईट काळ, ज्याबद्दल क्लिनिकवाले हळू आवाजात बोलतात. दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात. मुळं आतच असतात, फक्त केस जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव दिसते, सहाव्यात फरक जाणवतो, खरा निकाल बाराव्या महिन्यात, भोवऱ्यावर अठराव्यापर्यंत. ताप, वाढत जाणारी लाली, पू किंवा त्वचा काळी पडणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठा, फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका.

लग्न तीन महिन्यांवर आलंय, तोवर होईल का?

नाही. तीन महिन्यांनी तुम्ही आत्तापेक्षा विरळ दिसाल. लग्नानंतर करा. आणि होणाऱ्या जोडीदाराला आधीच सांगा. भावाने सांगितलं, तिने विचारलं फक्त एवढंच की दुखतं का.

पीआरपी किंवा जीएफसी घेतलं तर सर्जरी टळेल का?

तुमच्याच रक्तातून काढलेलं द्रव्य टाळूत टोचतात. बारीक झालेले केस काहींचे थोडे जाड होतात. गुळगुळीत टकलावर त्याने केस उगवत नाहीत. सहा बैठकांचे पैसे एकदम भरू नका. तेलाच्या जाहिरातींबद्दल तर एवढंच सांगते: टक्कल बरं करतो असा दावा औषधाला करता येत नाही. औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये जी दुखणी दिली आहेत, त्यांत टक्कलही आहे.

बायकांना करता येतं का?

काहींना येतं. पण बायकांचे केस बहुधा सगळीकडूनच विरळ होतात, मागूनही. मग काढायचं कुठून? त्यांनी आधी थायरॉइड, लोह, पाळीचा इतिहास हे सगळं तपासावं. वर्षानुवर्षं घट्ट वेणी ओढून कपाळाजवळचे केस गेले असतील आणि आता ओढणं थांबलं असेल, तर ट्रान्सप्लांटचा चांगला उपयोग होऊ शकतो.

संमतीपत्रावर सही करताना?

तुमच्या भाषेत मागा. मराठीत नसेल तर एकेक ओळ समजावून घ्या. त्यात सर्जनचं नाव, ग्राफ्टची अंदाजे संख्या, धोके आणि कमी ग्राफ्ट निघाले तर पैसे परत मिळतील का, हे लिहिलेलं हवं. कोऱ्या जागा असतील तर सही करू नका. तुमचे फोटो जाहिरातीत वापरायची परवानगी वेगळी असते, ती नाकारली तरी चालते.

काही बिघडलं किंवा फसवलं गेलो तर कुठे जायचं?

आधी तब्येत. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा आणि त्यांचं मत लेखी घ्या.

मग कागद. तुमच्या उपचाराच्या नोंदी लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्या. बिलं, यूपीआयच्या पावत्या, काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेज, आधीचे-नंतरचे तारखेसह फोटो, काहीही पुसू नका.

डॉक्टरच्या वागणुकीची किंवा हलगर्जीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते. पैशांसाठी आणि भरपाईसाठी ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. जिल्हा आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. नुसतं टोकन अडकलं असेल तर आधी लेखी अर्ज द्या, उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. आमच्या अर्जाची पोच द्यायला रिसेप्शनवरच्या मुलाने तीनदा नकार दिला. चौथ्या दिवशी मी तोच अर्ज पोस्टातून रजिस्टर्डने पाठवला, आणि त्यानंतर त्यांच्याकडून फोन आला.